बदाम सात मोबाइलवर: पहिलं पत्त्यांचं ॲप सरावातून कसं बांधायचं

प्रोग्रामिंग शिकणाऱ्या पोरांनी पहिलं ॲप कुठलं करावं, असं कुणी विचारलं की मी बदाम सात सांगते. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी घरांत हा खेळ कुणाला शिकवावा लागत नाही. गणपतीच्या जागरणात, मे महिन्याच्या सुट्टीत, पावसाची झड लागल्यावर सोप्यात बसून तो आपण खेळलेलाच असतो. नवशिक्याची अर्धी दमछाक ‘नेमकं काय बांधायचं’ हे ठरवण्यातच होते. इथं तो प्रश्नच नाही. नियम डोक्यात आहेत, ते संगणकाला समजतील एवढे नेमके करून सांगायचे आहेत.

हा लेख बारावी, डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षातल्या मुलामुलींसाठी आहे. मराठी माध्यमातून शिकून आता इंग्रजीत कोडिंगचं पुस्तक वाचताना जे अडखळतात, त्यांच्यासाठी तर नक्कीच. व्हेरिएबल, इफ आणि लूप एवढं माहीत असलं की पुरे.

माझा आग्रह एकाच गोष्टीचा: स्क्रीन सगळ्यात शेवटी करा. हिरवा टेबल, चमकणारे पत्ते, उडणारे ॲनिमेशन यांचा मोह सगळ्यांनाच होतो, आणि पोरं तिथंच महिना घालवतात. आधी खेळ साध्या अक्षरांत, चित्राशिवाय, शेवटपर्यंत खेळता आला पाहिजे. खालचे सराव त्याच क्रमानं लावले आहेत.

या लेखात तयार कोड दिलेला नाही, आणि तो मुद्दाम दिलेला नाही. प्रत्येक सरावात काय करायचं आणि ते बरोबर झालं हे कसं ओळखायचं, एवढं सांगितलं आहे. मधला भाग तुमचा.

साहित्य

मी डार्ट ही प्रोग्रामिंगची भाषा आणि तिच्यात मोबाइल ॲप बांधायचं फ्लटर हे साधन सुचवते. दोन्ही गूगलची, दोन्ही फुकट. डार्टपॅड नावाची साइट ब्राउझरमध्येच डार्ट चालवते, त्यामुळे लॅपटॉप नसला तरी पहिले सहा सराव फोनवर किंवा कॉलेजच्या लॅबमध्ये होतात. पुढं फ्लटरसाठी लॅपटॉप लागेल. ८ जीबी रॅमच्या मशीनवर अँड्रॉइडचा एमुलेटर (लॅपटॉपवरचा नकली फोन) रखडत चालतो. त्यापेक्षा स्वतःचा फोन केबलनं जोडा: सेटिंगमध्ये ‘अबाउट फोन’खाली बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप केलं की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात, तिथं यूएसबी डीबगिंग सुरू करा.

आणि एक वही. कागदावर नियम लिहिल्याशिवाय कीबोर्डला हात लावू नका.

सराव १: घरचे नियम लिहून काढा

हा सराव बिनसंगणकाचा आहे आणि टाळण्यासारखा नाही. बदाम सात सगळ्यांना येतो, पण प्रत्येक गल्लीत थोडा वेगळा. चौघं पाहुणे एकत्र बसले की पहिल्याच डावात ‘आमच्यात असं नाही खेळत’ हे वाक्य येतंच. संगणकाला मात्र एकच उत्तर लागतं. म्हणून हे प्रश्न वहीत लिहा आणि प्रत्येकापुढं एकच उत्तर मांडा:

एक्का दुर्रीच्या खाली, की राजाच्या वर? सत्ती पडल्यावर छक्की आणि अठ्ठी दोन्ही चालतात, की एक आधी पडल्याशिवाय दुसरी लावता येत नाही? लावण्यासारखा पत्ता हातात असताना ‘पास’ म्हणता येतं का? पहिला सुटला की डाव संपला, की शेवटच्यापर्यंत खेळायचं? उरलेल्या पत्त्यांचे गुण मोजायचे का?

पुढच्या सगळ्या सरावांसाठी मी अशी उत्तरं धरली आहेत: एक्का सगळ्यात खाली, छक्की-अठ्ठी कुठलीही आधी चालते, पत्ता असेल तर लावायलाच हवा, पहिला सुटला की डाव संपला. तुमच्याकडचे नियम वेगळे असतील तर तुमचेच घ्या.

सराव २: एक पत्ता

पत्ता म्हणजे दोन गोष्टी: रंग आणि क्रमांक. रंग चारच आहेत, इस्पिक, बदाम, किलवर, चौकट. अशा ठरलेल्या यादीसाठी डार्टमध्ये ‘इनम’ आहे. क्रमांक १ ते १३ हा साधा आकडा ठेवा. ‘गुलाम’, ‘राणी’, ‘राजा’ हे शब्द आत साठवू नका, फक्त दाखवताना आकड्यावरून तयार करा. बदाम सातमध्ये सगळा हिशेब ‘एकनं कमी, एकनं जास्त’ असा आहे, आणि तो आकड्यांवरच सोपा जातो.

तपासणी: बदाम आणि ७ दिलं की ‘बदाम सत्ती’, इस्पिक आणि १ दिलं की ‘इस्पिक एक्का’ छापून आलं पाहिजे.

सराव ३: पूर्ण कॅट

लूपच्या आत लूप. बाहेरचा चार रंगांचा, आतला तेरा क्रमांकांचा. पत्ते हातानं एकेक टाइप करत बसू नका.

तपासणी तीन प्रकारे करा. यादीची लांबी ५२ हवी. यादी ‘सेट’मध्ये, म्हणजे एकच गोष्ट दोनदा न ठेवणाऱ्या संचात, टाकली तरी ५२च राहिली पाहिजे, कमी झाली तर कुठला तरी पत्ता दोनदा आला आहे. (पत्त्याच्या क्लासमध्ये, म्हणजे रंग आणि क्रमांक एकत्र बांधणाऱ्या साच्यात, दोन पत्ते सारखे कधी मानायचे ते सांगितलं नसेल, तर सेटला सारखेपणा कळत नाही. ‘बदाम सत्ती’ अशी नावं सेटमध्ये टाकून तपासा.) आणि सगळ्या क्रमांकांची बेरीज ३६४ यायला हवी, कारण १ ते १३ ची बेरीज ९१ आणि रंग चार.

सराव ४: पिसणं

डार्टच्या यादीला ‘शफल’ ही सोय आयतीच आहे, आणि ॲपमध्ये शेवटी तीच वापरा. पण एकदा स्वतः लिहून बघा, कारण इथं शिकण्यासारखं खूप आहे.

पहिल्यांदा सुचणारी पद्धत बहुधा अशी असते: पहिल्या जागेपासून शेवटच्या जागेपर्यंत जा, प्रत्येक जागेवरचा पत्ता कॅटमधल्या कुठल्याही पत्त्याशी अदलाबदल करा. बघताना ठीक दिसतं. पण ही पद्धत पत्ते सारखे पिसत नाही. तीनच पत्ते घेऊन हिशेब करा. तीन जागा, प्रत्येक जागेला तीन पर्याय, म्हणजे २७ वाटा. तीन पत्त्यांचे क्रम मात्र सहाच. २७ ला ६ नं पूर्ण भाग जात नाही, त्यामुळे काही क्रमांच्या वाट्याला ५ वाटा येतात, काहींच्या ४.

बरोबर पद्धत फिशर-येट्स नावानं ओळखली जाते. रोनाल्ड फिशर आणि फ्रँक येट्स या संख्याशास्त्रज्ञांनी ती १९३८ मध्ये कागद-पेन्सिलीसाठी मांडली, आणि १९६४ मध्ये रिचर्ड डर्स्टनफेल्ड यांनी संगणकाला सोयीचं रूप दिलं. शेवटच्या पत्त्यापासून सुरुवात करा. तो पत्ता, त्याच्या आधीचे सगळे आणि तो स्वतः, यांतून कुठल्याही एकाशी बदला. मग शेवटून दुसरा, मग तिसरा, असं वर या. मागं टाकलेल्या पत्त्याला पुन्हा हात लावायचा नाही. एवढाच फरक, पण तीन पत्त्यांच्या वाटा आता ३ गुणिले २, म्हणजे बरोबर ६ होतात.

तपासणी: तीन पत्ते दोन्ही पद्धतींनी प्रत्येकी ६०,००० वेळा पिसा आणि सहा क्रम किती वेळा आले ते मोजा. फिशर-येट्समध्ये प्रत्येक क्रम १०,००० च्या आसपास येईल. चुकीच्या पद्धतीत तीन क्रम ८,९०० च्या जवळ आणि तीन ११,१०० च्या जवळ दिसतील. हा सराव करून बघितलेल्याला ‘रँडम’ या शब्दाकडं बघायची नजर येते.

आणखी एक सवय इथंच लावून घ्या. रँडमला एक ठराविक बीज-आकडा देता येतो, म्हणजे दरवेळी तोच डाव निघतो. ॲप एखाद्या डावात अडकलं तर तो आकडा टाकून हुबेहूब तोच डाव पुन्हा मांडता येतो. खऱ्या खेळात मात्र बीज देऊ नका.

सराव ५: वाटणं

हातानं वाटतो तसंच, एकेक पत्ता फिरत. पत्त्याच्या जागेला खेळाडूंच्या संख्येनं भागून उरलेली बाकी घेतली की तो कुणाकडं जायचा ते कळतं. चौघांना १३-१३ मिळतात. तिघं असतील तर १८, १७, १७ आणि पाच जण असतील तर ११, ११, १०, १०, १०. वाटून झाल्यावर प्रत्येकाचे पत्ते रंगानुसार, मग क्रमांकानुसार लावा. आपणही हातात पत्ते तसेच धरतो.

सराव ६: पट, आणि पत्ता चालतो का

ॲपचा जीव इथं आहे. इथं वेळ द्या.

पटावर पडलेले सगळे पत्ते साठवायची गरज नाही. प्रत्येक रंगासाठी दोनच आकडे पुरतात: खालचं टोक आणि वरचं टोक. सत्ती पडली की दोन्ही टोकं ७. छक्की लागली की खालचं टोक ६, अठ्ठी लागली की वरचं ८. रंग उघडलेला नसेल तर दोन्ही रिकामी.

आता ‘चालतो का’ असं एक फंक्शन लिहा. त्याला पट आणि पत्ता द्यायचा, उत्तर हो किंवा नाही. नियम तीन:

पट पूर्ण रिकामा असेल तर फक्त बदाम सत्ती चालते.
त्या पत्त्याचा रंग उघडलेला नसेल तर फक्त त्या रंगाची सत्ती चालते.
रंग उघडलेला असेल तर क्रमांक खालच्या टोकापेक्षा एकनं कमी किंवा वरच्या टोकापेक्षा एकनं जास्त हवा.

एक्का आणि राजासाठी वेगळी अट घालायचा मोह होईल. गरज नाही. खालचं टोक १ झालं की पुढचा पत्ता शून्य क्रमांकाचा लागेल, आणि तो कॅटमध्ये नाहीच. वरच्या बाजूला १४ चंही तेच. नियम नेमका लिहिला की कडेच्या गोष्टी अशा आपोआप मिटतात.

तपासणीसाठी हा पट घ्या: बदाम छक्कीपासून नव्वीपर्यंत लागलेले, इस्पिकची फक्त सत्ती पडलेली, किलवर आणि चौकट बंद. हातात बदाम पंजी, बदाम दश्शी, बदाम गुलाम, इस्पिक अठ्ठी, किलवर सत्ती, चौकट छक्की. फंक्शननं चार पत्त्यांना हो म्हटलं पाहिजे, आणि गुलाम व चौकट छक्की या दोघांना नाही. असे आठ-दहा पट स्वतः वहीत मांडा, उत्तरं आधी लिहा, मग चालवून ताडा.

मग पाळी. बदाम सत्ती ज्याच्याकडं तो पहिला. चालणारा पत्ता नसेल तर पास. या खेळात एक सुंदर तपासणी लपलेली आहे. सगळे पत्ते वाटलेले आहेत आणि लावणं सक्तीचं आहे. डाव चालू आहे म्हणजे कुणाच्या ना कुणाच्या हातात पुढचा पत्ता असलाच पाहिजे. म्हणजे चौघांच्या डावात सलग चार पास कधीच येऊ शकत नाहीत. तुमच्या प्रोग्रॅममध्ये आले, तर चूक नक्की आहे. सलग पास मोजत राहा आणि चार झाले की प्रोग्रॅम तिथंच थांबवून पट छापा. ही एक ओळ तुमचे कित्येक तास वाचवेल.

इथवर आलात की कन्सोलवर, नुसत्या अक्षरांत, एक डाव पूर्ण खेळा. चारी हात तुम्हीच चालवा. डार्टपॅडमध्ये डाव चालू असताना टाइप करून चाल देता येत नाही, तिथं चालींची यादी कोडमध्येच लिहा.

सराव ७: संगणक खेळाडू

पहिला खेळाडू साधा: चालणाऱ्या पत्त्यांपैकी कुठलाही लावतो. आधी हाच लिहा.

दुसरा थोडा हुशार. बदाम सातातली खरी गंमत दाबून ठेवण्यात आहे. ‘सत्ती दाबून बसलीस की गं!’ ही तक्रार ऐकली नसेल असा डाव विरळा. लावणं सक्तीचं असलं तरी दोन पत्ते चालत असतील तर कुठला लावायचा हे आपल्या हातात असतं. समजा हातात इस्पिक अठ्ठी, राणी आणि राजा आहेत, शिवाय किलवर छक्की, आणि अठ्ठी व छक्की दोन्ही चालतात. अठ्ठी लावली तर आपल्याच राणी-राजाची वाट मोकळी होते. छक्कीच्या खाली आपलं काहीच नाही, ती लावली तर दुसऱ्याचं भलं. म्हणजे अठ्ठी लावायची, छक्की अडवून ठेवायची.

हेच आकड्यात सांगा: प्रत्येक चालणाऱ्या पत्त्यासाठी, त्याच दिशेला पुढं आपले किती पत्ते आहेत ते मोजा, आणि जास्त आकड्याचा पत्ता लावा. सत्तीसाठी दोन्ही दिशा मोजायच्या.

एक पथ्य कडक पाळा. या फंक्शनला फक्त त्याचा स्वतःचा हात आणि पट द्या. इतरांचे पत्ते देऊच नका. दिले की कधी ना कधी ते वापरले जातात, आणि संगणक वाकून बघतोय हे खेळणाऱ्याला लगेच कळतं.

तपासणी: एक हुशार, तीन साधे, असे १,००० डाव संगणकाकडून खेळवून घ्या. हुशाराची बसायची जागा बदलत ठेवा. चौघं सारखे असते तर प्रत्येकानं साधारण २५० जिंकले असते. हुशाराचा आकडा २२० ते २८० च्या आतच राहिला तर तो नशिबाचा भाग समजा आणि हिशेबाची पद्धत पुन्हा बघा.

सराव ८: आता स्क्रीन

फ्लटर इथं येतं. खेळाच्या फाइल आणि स्क्रीनच्या फाइल वेगळ्या ठेवा. खेळाच्या फाइलमध्ये फ्लटरचं नावसुद्धा नको. स्क्रीननं फक्त विचारायचं: पट कसा आहे, हातात काय आहे, यातलं काय चालतं. बोट लागलं की खेळाला कळवायचं आणि ‘सेटस्टेट’नं नवं चित्र काढायचं.

सुरुवातीला पत्ता म्हणजे पांढरा चौकोन, त्यावर अक्षर आणि रंगाचं चिन्ह. चारी चिन्हं युनिकोडमध्ये आहेत, चित्रं शोधत बसायला नको.

खरी अडचण तेरा पत्त्यांची आहे. सर्वसाधारण फोनची रुंदी फ्लटरच्या मापात ३६० च्या आसपास असते. पत्ता ६० रुंद धरला आणि तेराही एका ओळीत एकावर एक सरकवून मांडले, तर प्रत्येकाचा २५ एवढाच भाग उघडा राहतो. बोटासाठी किमान ४८ जागा असावी, असं गूगलच्या डिझाइनच्या सूचना सांगतात. २५ वर हमखास शेजारचा पत्ता लागतो, आणि चुकून लागलेल्या पत्त्यावरून घरात भांडण होतं. उपाय सोपा आहे: दोन ओळी करा, सात आणि सहा. सात पत्त्यांत उघडा भाग बरोबर ५० येतो. कडेला समास सोडलात तर पत्ता थोडा अरुंद करा, हिशेब पुन्हा जुळतो.

चालणारे पत्ते किंचित वर उचललेले दाखवा, बाकीचे फिके. नुसत्या रंगावर विसंबू नका, रंग नीट न दिसणाऱ्यांनाही कळलं पाहिजे. अक्षरं मोठी ठेवा. आजीला चष्म्याशिवाय वाचता आलं तर आकार बरोबर आहे.

सराव ९: मराठी आणि कन्नड दोन्ही

बेळगावात ॲप करतोय तर हे सुरुवातीपासूनच धरून चालावं. शेजारची मैत्रीण कन्नड बोलणारी आहे, आणि पत्ते एकत्रच खेळायचे आहेत. स्क्रीनवरचं एकही वाक्य कोडमध्ये थेट लिहू नका. प्रत्येक भाषेची वेगळी फाइल करा, फ्लटरमध्ये त्याची सोय आहे. वाक्यं तुकड्यांनी जोडू नका. ‘तुमची’ अधिक ‘पाळी’ असं जोडलेलं वाक्य दुसऱ्या भाषेत कोलमडतं. ‘तुमची पाळी’ हे अख्खंच फाइलमध्ये ठेवा. कन्नड वाक्यं मशीनकडून करून घेऊ नका, कन्नड घरातल्या कुणाला तरी शेजारी बसवून लिहून घ्या.

अक्षरं मोजताना जपा. डार्टला ‘सत्ती’ची लांबी विचारली तर ५ सांगतो: स, त, हलन्त, त, दीर्घ ई. जागा पुरेना म्हणून शब्द मध्येच कापलात तर मोडकं जोडाक्षर दिसेल. कापण्यापेक्षा अक्षराचा आकार कमी करा.

सराव १०: डाव जतन करणं

डाव ऐन रंगात असताना फोन येतो. ॲप मागं जातं, आणि मेमरी कमी असलेल्या फोनवर अँड्रॉइड ते बंदही करतं. म्हणून प्रत्येक चालीनंतर पट, चारी हात आणि पाळी कुणाची हे जेसनमध्ये (माहिती साध्या अक्षरांत लिहून ठेवायच्या पद्धतीत) साठवा. ॲप उघडल्यावर अर्धा डाव सापडला तर तिथूनच पुढं. खेळाला इंटरनेट लागता कामा नये. जांबोटी-कणकुंबीकडं जाताना रेंज जाते-येते, त्या गाडीतही खेळ चालला पाहिजे.

सराव ११: लोकांच्या हातात

आधी एपीके फाइल (फोनवर ॲप बसवायची फाइल) घरच्यांना द्या आणि गप्प बसून बघा. समजावून सांगू नका. कुठं बोट अडतंय ते लिहून घ्या.

प्ले स्टोअरवर टाकायचं तर डेव्हलपर खात्याची फी एकदाच २५ डॉलर आहे. नव्या वैयक्तिक खात्यांना ॲप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस बंद (फक्त बोलावलेल्यांपुरती) चाचणी करून घ्यावी लागते. शहरातल्या एकट्या मुलाला बारा जण जमवणं जड जात असेल, आपल्याकडं एका गल्लीतून मिळतात. फक्त चौदा दिवस ते टिकून राहतील हे बघा, मधेच गळाले की अट पूर्ण होत नाही. साइनिंग कीची (ॲप तुमचंच आहे हे सिद्ध करणाऱ्या डिजिटल किल्लीची) फाइल आणि पासवर्ड दोन ठिकाणी जपून ठेवा.

पैशाचा संबंध कुठंही येऊ देऊ नका. २०२५ च्या केंद्रीय ऑनलाइन गेमिंग कायद्यानं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आहे, मग खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा. ‘एंट्री फी ठेवू या, जिंकणाऱ्याला थोडे देऊ’ असं मित्र सुचवतील. साफ नाही म्हणा.

यानंतर काय

दोन वाटा आहेत. पहिली सोपी दिसते पण कोड किती नीट लिहिलाय ते दाखवून देते. आंबोली घाट उतरून गेलं की सावंतवाडी, तिथल्या गंजिफाचा दशावतारी संच १२० गोल पत्त्यांचा असतो. मत्स्य ते कल्की असे दहा रंग, प्रत्येकात एक ते दहा, प्रधान आणि राजा मिळून बारा पत्ते. तुमच्या कोडमध्ये ४ आणि १३ हे आकडे एकाच जागी असतील तर सराव ३ चं फंक्शन दोन बदलांत १२० पत्त्यांची यादी देईल. जागोजागी विखुरलेले असतील तर आधी ते गोळा करा.

दुसरी वाट मेंढीकोटची. पिसणं, वाटणं, हात दाखवणं, भाषा, जतन करणं, सगळं तसंच वापरता येईल. नवं लिहायला लागेल ते एवढं: समोरासमोरच्या जोड्या, हुकूम, उतारी आलेल्या रंगाचा पत्ता असेल तर तोच टाकायची सक्ती, आणि दश्श्यांची मोजणी. सुरुवात पुन्हा वहीपासून. हुकूम कधी आणि कसा उघडायचा याची तुमच्या घरातली पद्धत पहिल्या पानावर लिहा.